‘बोल’ म्हणू नका, बरोबर बोला

मुलाला ॲप्रॅक्सिया आहे असं निदान झालेल्या घरांशी आज बोलायचंय. तुम्हाला ठाऊकच आहे, त्याची जीभ जड नाही. काय म्हणायचं तेही त्याला कळतं. ओठ-जिभेच्या हालचाली मेंदूला ओळीनं जुळवता येत नाहीत, म्हणून काल नीट आलेलं ‘पाणी’ आज ‘तानी’ होतं. यात हट्ट नाही.

मग जिभेला वेखंड कशाला उगाळून लावता? पिपाण्या कशाला फुंकायला लावता? फुंकून फुंकणं सुधारतं. बोलणं बोलूनच येतं.

भाकरीचंच बघा. शिकाऊ हातात ताकद असते, पण दाब कुठं द्यायचा, भाकरी कधी फिरवायची, ते सांगून येत नाही. ‘नीट थाप, नीट थाप’ म्हटलं की हात आखडतो. शेजारी बसून बरोबर थापावं लागतं. आणि रोज दोन-दोन थापू द्याव्यात. रविवारी एकदम पंचवीस नकोत. पहिल्या चिरतात, तरी त्या पानात वाढायच्या.

तसंच बोलण्याचं. मटार सोलताना त्याला समोर बसवा, तुमचं तोंड त्याला दिसू द्या. दर दाण्याला एकच शब्द: ‘दे’. सावकाश, लांबवून, दोघांनी एकदम. जमायला लागलं की तुम्ही आवाज बंद करा, नुसते ओठ हलवा. मग तेही थांबवा. अडला, तर पुन्हा बरोबर म्हणा. नाहीच आला शब्द, तरी दाणा द्या. अडवून धरू नका. एका वाटीत किती वेळा ‘दे’ होतं, बघा! आंघोळीला तांब्यागणिक ‘अजून’.

पुन्हा सांगते, ‘बोल’ म्हणू नका, बरोबर बोला. पाहुण्यांपुढे ‘काकांना नाव सांग’ हे तर आजपासून बंद. तिथं त्याचं येणारं बोलणंही अडतं.

हातानं खूण केली, चित्रावर बोट ठेवलं, तर ‘आता हा बोलायचाच नाही’ म्हणून घाबरू नका. त्यानं बोलणं थांबत नाही, उलट चिडचिड कमी होते.

एवढं करा. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून चार-पाच शब्द ठरवून घ्या, कागदावर लिहून ओट्याजवळ लावा. आजी-आजोबांसकट सगळ्यांनी तेच शब्द, दिवसातून पाच-पाच मिनिटं, पुष्कळदा. आणि त्याच्याबरोबर.