जुन्या रेकॉर्डप्लेअरचा जीर्णोद्धार

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली आणि नागपूर व रायपूर ही एकाच प्रांतातील दोन गावे दोन राज्यांत गेली. पण रायपुरातील मराठी घरांची गाण्याची आवड काही सीमेवर थांबली नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये, तर रायपूरचे १९६३ मध्ये सुरू झाले. जवळच खैरागड येथे १९५६ साली संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले व पुढे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा संगीतज्ञ त्याला कुलगुरू लाभला. अशा वातावरणात घराघरांत ध्वनिमुद्रिका जमल्या, आणि त्या वाजवणारी यंत्रेही आली. आज त्यांतील पुष्कळशी यंत्रे माळ्यावर मुकी पडली आहेत. ती पुन्हा बोलती करता येतात; मात्र त्यासाठी उत्साहापेक्षा सबुरीची गरज अधिक असते.

यांपैकी पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची रचना मोठी साधी असते. मोटारीच्या दांड्यावर एक लहान कप्पी, तिच्यावरून गेलेला रबराचा पातळ पट्टा, आणि त्या पट्ट्याने फिरणारी जड थाळी. रबरी चाकाने थाळी फिरवणाऱ्या यंत्रांत मोटारीची थरथर सुईपर्यंत पोहोचते आणि गाण्याखाली घरघर ऐकू येते. पट्टा ही थरथर गिळून टाकतो. अमेरिकेत १९६१ साली एडगर व्हिल्चर यांनी याच तत्त्वावर केलेले यंत्र प्रसिद्ध झाले. त्यात थाळी आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तोलली होती.

असे यंत्र माळ्यावरून खाली आले की पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो आवरला पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षांत तारांवरचे रबर भेगाळते, उंदीर त्या कुरतडतात, आणि बटणाशेजारी ठिणगी शमवण्यासाठी बसवलेला कागदी कपॅसिटर आतून फुटलेला असतो. असा कपॅसिटर शॉर्ट झाला तर बटण बंद असूनही मोटारीला वीज मिळत राहते. म्हणून वीजपुरवठ्याची तार प्रथम बदलावी. कपॅसिटर थेट वीजमार्गासाठी बनवलेल्या सुरक्षित प्रकारचाच घ्यावा, आणि धातूचा सांगाडा असल्यास तीन पिनांचा प्लग व अर्थिंग द्यावे. पहिली चाचणी सिरीज दिव्यावर घ्यावी. दिवा पूर्ण प्रकाशाने पेटला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि प्लग काढून घ्यावा. यंत्राच्या पोटातच अँप्लिफायर असेल तर त्यातील मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहतात. ते काम जाणत्या कारागिराच्याच हाती द्यावे.

वीज निर्धोक झाली की थाळीकडे वळावे. ती सरळ वर उचलावी, तिरकी ओढू नये. रायपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उष्णतेत जुना पट्टा एकतर सैलावतो, नाहीतर वितळून कप्पीला डांबरासारखा चिकटतो. तो चिकटा स्पिरिटने पुसून काढावा. जुना पट्टा लगेच फेकू नये. नव्या पट्ट्याची लांबी व रुंदी त्यावरूनच ठरवावयाची असते. थाळीच्या बेअरिंगमधील घट्ट झालेले तेल पुसून हलक्या यंत्रतेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. खोबरेल मात्र तेथे कधीही घालू नये, कारण थंडीत ते गोठते आणि काळाने चिकट होते.

परदेशातून आलेल्या यंत्रांची एक निराळीच अडचण असते. अमेरिकेत वीज सुमारे १२० व्होल्टची, तर आपल्याकडे २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावून हा फरक मिटतो आणि काम झाले असे वाटते. परंतु तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची व येथील ५० आवर्तनांची आहे, आणि हा फरक ट्रान्सफॉर्मरला मिटवता येत नाही. त्या काळच्या बहुतेक मोटारी आवर्तनांच्या तालावर फिरत. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी थाळी येथे २७·८ फेरेच घेते. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालते, आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये उतरते. ऐकणाऱ्यास वाटते, मुद्रिका खराब झाली. दोष मात्र कप्पीचा असतो. तिचा व्यास एकपंचमांशाने मोठा केला की स्वर जागेवर येतो. गती तपासण्याचा उपाय सोपा आहे. थाळीच्या काठावर कागदाची खूण चिकटवून फेरे मोजावेत. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे भरले पाहिजेत.

शेवटी सुई. झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, ती खोबणीच्या भिंती कापत जाते, आणि एकदा कापलेला स्वर कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून सुई नवी घ्यावी आणि तिचा भार उत्पादकाने सांगितलेल्या ग्रॅमांतच ठेवावा. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेची खोबण रुंद असते. तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. ती सुई लाँगप्लेवर ठेवणे म्हणजे मुद्रिकेचा नाशच होय. त्या जुन्या मुद्रिका दगडाच्या भुकटीत लाख मिसळून बनवलेल्या असत, आणि ही लाख छत्तीसगडच्या जंगलांत कुसुम व पळसाच्या झाडांवर आजही पिकते. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे एक नियम आपोआप कळतो : कप्पी पुसलेले स्पिरिट लाखेच्या मुद्रिकेला लावू नये. स्पिरिटचा एक बोळा सारे गाणे पुसून टाकील.

जीर्णोद्धार करताना जेवढे बिघडले असेल तेवढेच बदलावे, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डबीत जपावा. लाकडी पेटी नवी कोरी दिसलीच पाहिजे असा हट्ट नसावा. पुढे एखाद्या अधिक जाणत्या हातांना तेच काम पुन्हा करावेसे वाटले, तर मूळ यंत्र त्यांना सापडले पाहिजे. कित्येक घरांतील मुद्रिका पुन्हा कधी छापल्या गेल्या नाहीत. त्यांतील आवाज ऐकण्याचा मार्ग या पट्ट्यावरून आणि या सुईच्या टोकावरूनच जातो. तो नीट राखला, तर गाणाऱ्याने जो षड्ज लावला होता तोच ऐकणाऱ्याच्या कानी पडेल.