कुळाचा शोध आणि दप्तराचा आधार
(महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपणां सर्वांस आपले गोत्र ठाऊक असते, कुलदेवता ठाऊक असते. परंतु पणजोबांपलीकडील पुरुषाचे नाव विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांस मौन धरावे लागते. गोमंतकातून बाहेर पडलेल्या घराण्यांस तर हे विशेष लागू आहे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी. १५६० साली देव तेथून अंत्रुजातील प्रियोळास नेण्यात आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. देवांमागोमाग कुळेही निघाली. कोणी अंत्रुजात राहिली, कोणी घाट चढून बेळगाव प्रांती गेली, कोणी किनाऱ्याने कानडा मुलखात उतरली. त्यांचा माग काढावयाचा तर प्रारंभ कोठून करावा, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

प्रारंभ मूळपुरुषापासून करू नये, स्वतःपासून करावा. आपण, वडील, आजोबा अशी एकेक पायरी मागे जावे आणि प्रत्येक पायरीस एक तरी कागद जोडावा. दप्तरखान्यापूर्वी घरची पेटी उघडावी. खरेदीखते, वाटणीपत्रे, जन्मपत्रिका तेथेच सापडतात. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे उच्चारली जातात. महालयात माता, पितामही व प्रपितामही यांचीही. सरकारी दप्तरात स्त्रियांची नावे क्वचितच आढळतात. म्हणून वडीलधाऱ्यांच्या मुखातील ही नावे प्रथम लिहून घ्यावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या व गावे नोंदलेली असतात, त्याही पाहाव्या.

यानंतर गाव निश्चित करावा. त्याची खूण कुलदेवता देते. गोमंतकातील देवस्थानांच्या कारभारासाठी १८८६ व १९३३ साली नियमावल्या झाल्या. महाजनांच्या नोंदवह्यांतून कुळाचा गावाशी असलेला संबंध कळू शकतो.

गाव हाती आला की पणजीच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. या संग्रहाचा उगम १५९५ सालचा. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला अधिकारी. गावकरीचे रीतिरिवाज नमूद करणारा फोराल त्याहूनही जुना, १५२६ सालचा आहे. अलीकडील पिढ्यांसाठी १९१४ पासूनची जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंद उपयोगी पडते. मात्र पोर्तुगीज लेखनात आपली नावे वेश पालटून येतात. शेणवी तेथे ‘सिनाय’ होतो, प्रभू ‘पोरोबो’ आणि कुठ्ठाळी ‘कोर्तालिम’. घाटावर गेलेल्या कुळांचा शोध मोडी कागदांतून, प्रसंगी पुण्याच्या पेशवे दप्तरातून घ्यावा लागतो. त्यासाठी मोडी शिकावी. शकात ७८ मिळविले म्हणजे सामान्यतः इसवी सन येतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

येथे तीन सावधानता पाळाव्या. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत असल्याने एकच नाव पुनःपुन्हा येते. दोन पुरुषांचा एक पुरुष होऊ देऊ नये. दुसरी गोष्ट, वतनाच्या तंट्यात दाखल झालेली वंशावळ हा एका पक्षाचा दावा असतो. प्रतिपक्षाचा कागदही वाचावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची. जुनी दप्तरे मुख्यतः सारा, वतन व जमीन यांसाठी लिहिली गेली. ज्याच्या नावे जमीन नव्हती, त्याचा उल्लेख तेथे सहसा नसतो. म्हणून त्याला कुळ नव्हते असे नव्हे. दप्तराचे मौन हा कोणाच्याही हीनतेचा पुरावा नाही.

शोध करताना कदाचित घरात चालत आलेली एखादी मानाची कथा कागदावर टिकणार नाही. अशा वेळी अभिमानाची बाजू घेण्याचा मोह होतो. परंतु जेथे नाव मिळत नाही तेथे जागा रिकामी ठेवावी. पुढील पिढीतील कोणी ती भरील; खोट्या नावाने भरलेली जागा मात्र शोधाची वाटच बंद करते. तर्पणात आपण पितरांना त्यांच्या नावाने जल देतो. ते नाव खरे असावे, एवढी तरी निष्ठा त्यांच्या ऋणाची फेड करू पाहणाऱ्याने राखली पाहिजे.

कसर आणि दमट हवा कागदाची वाट पाहत नाहीत, आणि वार्धक्य स्मृतीची. तेव्हा येत्या महालयापूर्वी प्रत्येक घरात एक वही घातली जावी आणि तिच्या पहिल्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासह व तिथीसह, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीने सांगितलेली नावे उतरावी, ही आपणांस नम्र विनंती. इति शम्.