ट्रंकेतले शेअर आणि १९९७ चे वादळ

(करजगी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हाली शिक्का हाताळलेली माणसे आपल्या घराघरांत होती. निजामाचे राज्य गेल्यावर सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये, असा भाव ठरला. त्यामुळे एका पैशाची किंमत दुसऱ्या पैशासमोर कशी ठरते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

२ जुलै १९९७ ला थायलंडने आपले बाट हे चलन मोकळे सोडले. डॉलरला पंचवीस बाट होते, ते सहा महिन्यांत पन्नासच्या पुढे गेले. पाठोपाठ इंडोनेशिया, कोरिया. परदेशी पैसा साऱ्या आशियातून निघू लागला आणि आपला बाजारही त्यात सापडला. साडेचार हजारांला पोचलेला सेन्सेक्स १९९८ मध्ये तीन हजारांच्या खाली गेला.

त्या पडझडीत मुंबईला नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींनी महानगर टेलिफोन आणि विदेश संचार निगमचे शेअर घेतले. बाट पडला म्हणून दादरचा फोन थोडाच बंद पडतो? सरकारी कंपनी, स्पर्धा नाही, फोनसाठी लोक रांगेत. हा हिशेब आम्हालाही पटला होता, आणि तेव्हापुरता तो चुकीचा नव्हता. (महानगरचा फोन मुंबई-दिल्लीपुरताच, पैसा आपला आणि घंटी त्यांच्याकडे!)

दोन्ही कंपन्यांचा जन्म १ एप्रिल १९८६ चा. आशियाचे वादळ दोघींनी सोसले. घात झाला तो नंतर. विदेश संचार २००२ मध्ये टाटांकडे गेली, मक्तेदारी संपली तरी टिकली. आज ती टाटा कम्युनिकेशन्स. महानगर सरकारकडेच राहिली. २०१० मध्ये लिलावात जो भाव निघाला तो स्पेक्ट्रमसाठी तिला भरावा लागला, सुमारे अकरा हजार कोटी, तोही कर्ज काढून. मालक सरकार, पैसे घेणारेही सरकार! छोट्या भागधारकाला कोणी विचारले? २०२४ मध्ये तिचे बँकांचे हप्तेही थकले.

आता आपल्या ट्रंकेकडे वळू. विदेश संचारचा जुना कागद रद्दी समजू नका. तिची जादा जमीन वेगळी काढून हेमिस्फिअर प्रॉपर्टीज ही कंपनी झाली, तिचेही शेअर भागधारकांना मिळाले. मात्र सात वर्षे सलग लाभांश उचलला नसेल, तर शेअर केंद्राच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. ते अर्ज करून वारसाला परत मिळतात.

आपली अडचण निराळीच आहे. कागदावर आजोबांचे नाव मराठी वळणाचे, पहाणीत कानडी वळणाचे आणि आधारवर तिसरेच. अर्ज तिथेच अडतो. तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र आधी तयार ठेवा. इंग्रजी अर्ज भरायला आमच्यातली दोन-तीन मुले बसतील. मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, आमच्यासुद्धा, झेरॉक्स आणा.