उसाची ट्रॉली : जोडणी आणि निगा



दिवाळी झाली की कारखान्याचा बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि फडापासून वजनकाट्यापर्यंत ट्रॅक्टरांची रीघ लागते. एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, हे चित्र आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटतच नाही. आज मी त्याच जोडीविषयी चार शब्द सांगणार आहे. मी काही यंत्रशाळेत शिकलेला माणूस नव्हे. तीस वर्षे ट्रॅक्टर चालवला, आता मुलाच्या हाती दिला. जे सांगेन ते हाताने केलेले आहे, आणि त्यातले काही चुकून शिकलेले आहे.

प्रवरेकाठी लोणीला विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. त्या काळी ऊसवाहतुकीचा मोठा आधार म्हणजे बैलगाडी. गाडीवानाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे. ओझे ओढणे हे बैलाचे अर्धेच काम. उतारावर ते ओझे मानेवर धरून ठेवणे हे उरलेले अर्धे. उतार आला की बैल आपणहून खुर रोवत, आणि गाडीवान खाली उतरून पुढे होई. ट्रॅक्टर आला आणि ही समज गाडीबरोबरच मागे पडली. “माझा ट्रॅक्टर किती ओढतो” हे आपण पारावर बसून सांगतो. तो किती थांबवतो, हे मात्र कुणी विचारत नाही. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास, आणि मागे दहा-बारा टन ऊस सहज असतो. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. म्हणजे सगळा भार धरायचा तो दोन टनांच्या जिवाने. पुढचे सारे सांगणे या एका गोष्टीतून निघते.

आधी जोडणीचे पाहू. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये असते ती एक पिन. ट्रॉलीच्या दांड्याची कडी त्या पिनीत अडकते, आणि पिन वर उसळू नये म्हणून तिच्या टोकाला क्लिप असते. वस्तू लहान, म्हणून तिचा मान लहान. एका हंगामात माझ्या मागच्या ट्रॉलीची पिन वाकली. घाई होती. काट्यावर नंबर लागायचा होता. मी एक सळईचा तुकडा कापून घातला आणि क्लिप लावायची राहिली. ओढ्याच्या पुलाआधी चढ आहे. त्या चढावर ट्रॅक्टर एकाएकी हलका पळू लागला. खरे सांगतो मंडळी, मला बरे वाटले! म्हटले, इंजिन आज चांगले ओढतेय. मागे वळून पाहतो तर चार चाकांची ती भरलेली ट्रॉली उलटी उताराला लागलेली. तिच्या मागून टोळीतली एक बाई डोक्यावर वाढ्यांची मोळी घेऊन, पोराचा हात धरून चालली होती. तिने मोळी टाकली आणि पोराला ओढून शेतात उडी घेतली. ट्रॉली चरीत जाऊन कलंडली. मी धावत गेलो. ती सांडलेली वाढी गोळा करीत होती. मला एवढंच म्हणाली, “दादा, पोरगं होतं माझ्याबरोबर.” त्या वाक्याला उत्तर मला आजही सापडलेले नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. पिन त्याच मापाची, क्लिप लावल्यावर हाताने ओढून पाहायची, आणि कडी किंवा पिन झिजून ढिली झाली असेल तर त्याच दिवशी बदलायची. शिवाय दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींवर फुली होईल अशा बांधायच्या. वळणापुरता त्यांना सैलपणा असावा, पण जमिनीवर घासतील इतका नसावा. पिन निसटली तरी दांडा साखळ्यांवर झेलला जातो.

दुसरी गोष्ट, भरण्याची. बैलगाडी मागे जड झाली की आपण म्हणतो, गाडी उलाळ झाली. जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. दोन चाकी ट्रॉलीचे तसेच असते. ऊस मागे जास्त रचला, तर दांडा ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलतो, मोठ्या चाकांची पकड सुटते, आणि पकड सुटली की ब्रेकही गेला. म्हणून अशा ट्रॉलीत भार थोडा पुढे झुकता ठेवावा. पण फार पुढेही नको, नाहीतर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. जोडणी नेहमी ठरलेल्या दांड्यालाच, खालच्या बाजूला करावी. गाडी रुतली म्हणून कुणी साखळी वरच्या जागी अडकवतात आणि जोर देतात. तेव्हा ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि चालकावर उलटतो. पुढची चाके उचलली जातायत असे वाटताच पाय क्लचवर गेला पाहिजे. विचार करायला तिथे वेळ नसतो.

आता चालवणे. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डावे आणि उजवे वेगळे. शेतात वळताना त्यांचा उपयोग. पण रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकच चाक अडते, आणि मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवा फिरवतात. वेगाचाही हिशेब ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. एकदा उतार सुरू झाला की गिअर बदलायला जाऊ नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे महाभाग मी पाहिले आहेत. न्यूट्रल केले की इंजिनाचा सगळा आधार सुटतो आणि मागचे ओझे मालक होते. मग त्या वाचलेल्या डिझेलचा हिशेब कोण मांडणार?

निगेचे सांगतो. ट्रॅक्टरची निगा बहुतेक जण ठेवतात, कारण तो बंद पडला तर धंदा थांबतो. फडात पाचट आणि धूळ फार. म्हणून रेडिएटरची जाळी रोज झाडावी, एअर क्लीनर पाहावा, सकाळी इंजिन थंड असताना तेल आणि पाणी बघावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, तोंड भाजते. दोन्ही ब्रेक सारखे लागतात की नाही हे रिकाम्या गाडीवर तपासावे.

पण ट्रॉलीकडे कोण पाहतो? ती बिचारी न बोलणारी. हंगाम सुरू होण्याआधी एकेक चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग ढिले आहे. फिरवून ऐका. खरखर आली तर बेअरिंग काढा, डिझेलमध्ये धुवा, खड्डे पडले असतील तर बदला, चांगले असेल तर तळहाताने ग्रीस आतपर्यंत दाबून भरा. नट आवळून किंचित सैल सोडायचा आणि फाटीपिन नवी घालायची. दोन-तीन मैल गेल्यावर उतरून चाकाच्या तुंब्याला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर बेअरिंग फार आवळले आहे किंवा कोरडे आहे. पुढे गेलात तर चाकच सुटून जाईल. चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जावेत, आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा एकदा आवळावेत. कमानीचे एखादे पान तुटले असेल तर आस तिरका होतो, ट्रॉली वाकडी चालते आणि टायर खाते. टायर एका बाजूने झिजलेला दिसला, तर टायरला दोष देण्याआधी कमान बघा.

शेवटची गोष्ट रात्रीची. उसाची बरीच वाहतूक अंधारात होते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काळ्या रस्त्यावर उसाची काळी भिंत दिसत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तक सांगितलेले आहेत, ज्याला आपण रेडियम म्हणतो. पण चिकटवलेल्या रेडियमवर चिखल बसला तर तो असून नसल्यासारखा. दर खेपेला एक ओला फडका फिरवा. मागच्या ट्रॉलीचा दिवा लागतो की नाही हे दुसऱ्याला उभे करून पाहा. उसाची टोके त्या दिव्यावर लोंबू देऊ नका. ट्रॉली रस्त्यात पंक्चर झाली, तर शक्य तितकी कडेला घ्या आणि माणूस बॅटरी घेऊन थोडा मागे उभा करा. झाडाची एक फांदी ठेवली म्हणजे खूण झाली, असे समजू नका. आणि एक विनंती हात जोडून करतो. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यावर राहतात, आणि रात्री कुणाच्या तरी घरचा माणूस त्यांवर पडतो.

मंडळी, सकाळी ही सगळी पाहणी करायला फार तर पाव तास लागतो. काट्यावरच्या रांगेत आपण तासन् तास उभे असतो. त्यातलाच पाव तास पिनीला, चाकाला आणि मागच्या दिव्याला द्या. ऊस एक खेप उशिरा गेला तर कारखाना बंद पडत नाही. रस्त्याने चाललेली माणसे मात्र आपापल्या घरी पोचली पाहिजेत.