रमा आणि लीला : सोलापूरच्या शशिकला

सोलापूर आणि सिनेमा म्हटलं की आपल्या तोंडात पटकन दोन नावं येतात, अतुल कुलकर्णी आणि नागराज मंजुळे. आज त्यांच्या कितीतरी आधीच्या एका सोलापूरकर बाईंबद्दल बोलायचंय. शशिकला. माहेरचं आडनाव जवळकर, जन्म ४ ऑगस्ट १९३२, इथलाच. 'सोनपरी' बघत मोठे झालेल्यांनी त्यांना पाहिलंय, फक्त नाव माहीत नसेल.

वडील व्यापारी, घर सुखवस्तू. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून जिल्ह्यात ठिकठिकाणी स्टेजवर नाचायची, गायची. मग वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब मुंबईला गेलं आणि हौसेवर घर चालवायची वेळ आली. स्टुडिओंचे उंबरे झिजवताना नूरजहाँ भेटल्या. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी यांच्या 'झीनत'मध्ये (१९४५) एक कव्वाली आहे, त्यात या पोरीला बसवलं. २५ रुपये मिळाले, असं त्या सांगायच्या. पुढे लग्न, दोन मुली, आणि मिळतील ती छोटीमोठी कामं. शांतारामबापूंचा 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) त्यातलाच.

आता खरी गोष्ट. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतन त्यात दलित घरात जन्मलेली, सवर्ण घरात वाढलेली मुलगी. शशिकला त्या घरातली सख्खी मुलगी, रमा. रमाचं लग्न जिच्याशी ठरवतायत तो मुलगा नूतनच्या प्रेमात पडतो. म्हणजे बघा, जळफळाट करायला पूर्ण मोकळं रान! पण रमा जळत नाही. ती हसते, बागडते, बहिणीवर जीव टाकते. हे हलकंफुलकं काम करणं किती अवघड आहे, ते नूतनच्या शांत चेहऱ्याशेजारी तिला बघितलं की कळतं.

या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं नामांकन मिळालं. बक्षीस गेलं ललिता पवारांना, 'अनाडी'साठी. गंमत अशी की खाष्ट सासू म्हणून अख्खा देश ज्यांना घाबरायचा, त्या ललिताबाईंना बक्षीस मिळालं ते एका मायाळू बाईच्या भूमिकेसाठी. आणि शशिकलाबाईंचं नेमकं उलटं झालं. 'आरती'मध्ये (१९६२) मीनाकुमारीला छळणारी जाऊ केली आणि फिल्मफेअर मिळालं. लगेच 'गुमराह'मध्ये (१९६३) माला सिन्हाला ब्लॅकमेल करणारी लीला केली, पुन्हा फिल्मफेअर.

झालं, शिक्का बसला. तुम्ही मोबाइलवर एक भांडणाचं रील शेवटपर्यंत बघितलं की पुढचे आठ दिवस तेच दाखवतात ना, निर्मात्यांचंही तसंच. 'फूल और पत्थर' (१९६६) घ्या, तिथेही वळण तेच. बरं, त्या त्यात कमालीच्या होत्या, हेही खरंय. भुवई नुसती वर गेली तरी कळायचं की आता घरात काडी पडणार. पण त्याच १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी 'अनुपमा'मध्ये त्यांना परत खळखळून हसवलं. शर्मिला टागोर सिनेमाभर जेमतेम बोलते, आणि ही सगळ्यांच्या वाटचं बोलते. म्हणजे काम येत होतं, मागणारेच कमी होते. माझं स्पष्ट मत आहे, हिंदी सिनेमाने एक मोठी विनोदी नटी शंभरेक सिनेमांत अर्धीच वापरली.

मध्यंतरी त्या कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा करायला गेल्या. परत आल्यावर मालिका, 'मुझसे शादी करोगी'सारखे सिनेमे. २००७ साली पद्मश्री. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत गेल्या, ८८व्या वर्षी.

बघायला सुरुवात करणार असाल तर एक सांगतो. आधी 'सुजाता' बघा, मग 'गुमराह'. उलटं केलंत, तर रमा आता काय कारस्थान करते याची वाट बघत बसाल, आणि सिनेमा संपून जाईल.