क्रीडांगणावरील संस्कार



शाळेच्या वेळापत्रकात खेळाची तासिका बहुधा दिवसाच्या अखेरीस असते आणि गणिताचा पाठ लांबला की पहिला बळी तिचाच जातो. खेळ म्हणजे अभ्यासानंतरची विश्रांती, अशी समजूत त्यामागे असते. परंतु वाढत्या वयातील मूल चुरशीच्या सामन्यात जे शिकते, ते फळ्यावर लिहून देता येत नाही. ते शिक्षण कोणते आणि त्यात शिक्षकाचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम खो-खो घ्यावा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी चौकोनांत बसतात. शेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. नववा गडी धावतो. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही. हाताशी आलेला प्रतिस्पर्धी पलीकडे निसटला, तर त्या बाजूस तोंड असलेल्या सोबत्याला खो देणे हाच मार्ग उरतो. गडी स्वतःच टिपण्याचा मोह धरणारा मुलगा संघाचे नुकसान करतो. वेळेवर खो देणारा मुलगा स्वतः बसतो आणि काम पुढे चालू राहते. बसलेल्यानेही सदैव सावध असावे लागते. खो मिळण्यापूर्वी उठणे हा दोष, आणि मिळाल्यावर रेंगाळणे हीही हानीच. आपली पाळी येईतो जागरूक राहणे आणि पाळी संपताच अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे, हा धडा अनेक प्रौढांनाही साधत नाही.

फक्कीच्या रेषा आणि दोन खांब एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. तरी २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या स्त्रियांनी व पुरुषांनी, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून, विजय मिळविला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. साधनांची उणीव ही खेळ बंद ठेवण्याची सबब होऊ शकत नाही.

कबड्डीचा धडा निराळा आहे. बाद झालेला गडी मैदानाबाहेर बसतो. त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की तो परत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी परततो. येथे अपयश हा शेवट नसतो. मात्र परतणे सोबत्यांच्या पराक्रमावर अवलंबून असते. जो मुलगा बाहेर बसून सोबत्यांना दोष देतो, त्याला हे हळुवारपणे दाखवून देणे शिक्षकाचे काम आहे.

पराभवातून काय घ्यावे, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी घालून दिले आहे. लाल मातीत वाढलेले हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्तीला आणि तिच्या नियमांना पुरते सरावलेले नव्हते. ते सहावे आले. मातीला किंवा पंचांना बोल न लावता त्यांनी पुढील चार वर्षे तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यावर किती विश्वास टाकावा, याचे मोजमापच त्यात आहे.

आता एक कटू गोष्ट. केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात, आणि ढाल आपल्याच शाळेत यावी अशी ईर्षा प्रत्येकाला वाटते. ईर्षा गैर नाही. परंतु तिच्यापायी मोठ्या वयाचा मुलगा लहान गटात उतरविला जातो, किंवा एकाच्या नावावर दुसरा खेळतो, तेव्हा काय घडते? ढाल कपाटात येते. पण संघातल्या सर्व मुलांना खरे ठाऊक असते. हजेरीपटावर ज्या हाताने त्यांची नावे लिहिली, त्याच हाताने खोटे लिहिलेले त्यांनी पाहिलेले असते. त्यानंतर वर्गात सत्यावर दिलेले शंभर पाठ व्यर्थ होत. आणि समोरच्या शाळेतील जो लहानगा त्या मोठ्या मुलाकडून हरला, तो आपल्यात काही उणे आहे असे समजून घरी जातो. त्याने कदाचित खेळच सोडला, तर त्याची जबाबदारी कोणावर?

यास्तव काही साध्या गोष्टी प्रत्येक शाळेला करता येण्याजोग्या आहेत. संघ निवडला म्हणजे उरलेल्या मुलांचा खेळ थांबू नये. चार चपळ मुलांसाठी चाळीस मुले प्रेक्षक झाली, तर ती तासिका वाया गेली. मुलींना पाणी देण्याच्या कामावर न ठेवता मैदानात उतरवावे. सरावाच्या सामन्यात पंचाचे काम आळीपाळीने मुलांकडे द्यावे. आपल्या मित्राला बाद ठरविताना न्याय म्हणजे काय ते मुलाला कळते. सामना हरल्यावर प्रथम प्रतिस्पर्ध्याने काय चांगले केले ते मुलांकडून वदवून घ्यावे, आणि मग आपल्या उणिवा मोजाव्यात. जिंकल्यावरही हाच क्रम ठेवावा.

शाळेतील बहुतेक मुले पुढे शेतात, कारखान्यात, कचेरीत जातील. पदक मिळविणारा एखादाच निघेल. परंतु वेळेवर खो देणारा, बाद ठरल्यावर तंटा न करता बाहेर जाणारा आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येणारा नागरिक प्रत्येक गावाला हवा आहे. तो घडविण्यासाठी लागणारे मैदान शाळेपुढेच आहे. तेवढी तासिका मात्र राखली पाहिजे.