सार्वजनिक वाचनालये आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘तरुणांची सेवा आणि वाचनालय’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हास केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविले. ग्रंथालयशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु मंडळाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत पुस्तकांची जी चार कपाटे आहेत ती हलवून तेथे सर्वस्वी अभ्यासिका करावी, असा ठराव आजच्या सभेपुढे यावयाचा आहे. अशा वेळी गप्प बसणे आम्हास प्रशस्त वाटले नाही.

अभ्यासिकेस आमचा विरोध नाही, हे आरंभीच सांगतो. नागपुरातील वाचनालयांत सकाळी डोकावून पाहावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली पाण्याची बाटली आणि डबा घेऊन दिवसभर बसलेली दिसतात. दोन खोल्यांत पाच माणसे आणि कोपऱ्यात दूरचित्रवाणी, अशा घरातून आलेल्या मुलास शांत टेबल-खुर्ची मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि त्या मुलाचे पुस्तक त्याचे स्वतःचे असते. आमचे असतात ते दिवा आणि पंखा. कपाटांकडे तो वळूनही पाहत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आठव्या वर्षी ज्याला कोणी वाचनालयात नेले नाही, त्याला बाविसाव्या वर्षी तेथे खुर्चीच तेवढी दिसणार! म्हणून तरुणांच्या सेवेचा विचार तरुणांपासून नव्हे, तर बालकांपासून करावा लागतो, असे आमचे मत आहे.

हे मत आम्हास कसे सुचले ते सांगितले पाहिजे, जरी त्यात आमची अप्रतिष्ठा आहे. १९८७ साली केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम सुरू झाली. तिच्यातून प्राथमिक शाळांना फळे, नकाशे, खेळाचे साहित्य आणि पुस्तकेही मिळाली. आमच्या शाळेतील पुस्तकांचे कपाट आमच्या ताब्यात आले. खुर्च्या, घंटा आणि पाण्याचा माठ यांच्याच पंक्तीत पुस्तकांची नोंद झाली, आणि ती नोंदवही जडसंग्रहाची! एखादे पुस्तक गहाळ झाल्यास भरपाई आमच्या पगारातून होईल, या धास्तीने आम्ही कपाटास कुलूप घातले. तपासणीच्या दिवशी तेवढी पुस्तके टेबलावर मांडावयाची आणि सायंकाळी परत आत. अशाच एका दिवशी चौथीतील एका मुलास जहाजाचे चित्र असलेले एक पुस्तक दिसले. दुसऱ्या दिवशी तो मागावयास आला. ‘नंतर देऊ,’ आम्ही म्हणालो. तो तीनदा आला. चौथ्यांदा आला नाही. पुढे कित्येक वर्षांनी इतवारीत एका दुकानाच्या पायरीवर एका गृहस्थाने आम्हास वाकून नमस्कार केला. तोच मुलगा. कुशल विचारून झाल्यावर तो हसत म्हणाला, “गुरुजी, ते जहाजाचं पुस्तक तुम्ही तरी वाचलं का हो?” आम्हीही ते वाचले नव्हते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिलेच सूत्र पुस्तकाच्या उपयोगाविषयी आहे, त्याच्या राखणीविषयी नाही. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीस बांधून ठेवीत असत. आमच्या कपाटास साखळी नव्हती, कुलूप होते, इतकाच भेद.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर ते आपल्याच माणसाचे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि महाराज सयाजीराव झाला, हे आपण जाणताच. त्यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे वाचावयास काही न मिळाल्यास विसरली जातात, हेही त्यांच्या ध्यानी आले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० साली तेथून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, खेडोपाडी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या, आणि स्त्रिया व मुले यांचीही निराळी सोय झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका राजास जे सुचले, ते चार कपाटांच्या मालकांस अवघड का वाटावे? पुढे १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय निघाले, त्यातही बालविभाग होता.

आणि नागपूर तरी मागे कोठे होते? १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे कार्यालय याच शहरात आहे. ‘मुलांचे मासिक’ याच शहरातून निघत असे आणि घरोघरी त्याची वाट पाहिली जात असे. आज ‘किशोर’ आहे. १९७१ पासून ते बालभारती काढते आणि किंमत कोणासही परवडण्यासारखी असते. पुस्तकांचा दुष्काळ नाही. आपल्या चार कपाटांत मात्र मुलांच्या हाती देण्याजोगी पुस्तके आम्हास, मोजून, अकरा सापडली. उरलेली बहुतेक जुन्या स्मरणिका आणि देणगीदारांनी घर रंगविताना पाठविलेले ग्रंथ आहेत. (देणगीदारांनी रागावू नये, त्यांत आमचीही एक पिशवी आहे.)

आता योजनेविषयी. खोलीचा खिडकीकडील तिसरा हिस्सा मुलांसाठी ठेवावा. खुर्च्या नकोत, सतरंजी पुरे. कपाटाची दारे काढून टाकावी आणि फळ्या मुलाच्या छातीइतक्याच उंच असाव्या. पुस्तकाचे मुखपृष्ठ समोर दिसावे; पाठीवरील नाव वाचून पुस्तक निवडणे हे मोठ्यांचे काम आहे. मराठीबरोबर हिंदी पुस्तकेही हवीत, कारण नागपूरचे मूल दोन्ही भाषांत भांडते. बारा-तेरा वर्षांपुढील मुलामुलींचा प्रश्न मात्र कठीण आहे. गोष्टींच्या सतरंजीवर बसण्यास ती लाजतात आणि अभ्यासिकेत त्यांस कोणी घेत नाही. वाचन सुटते ते याच वयात. त्यांस उपदेश करू नये. पुस्तके निवडण्याची समितीच त्यांची करावी, धाकट्यांस वाचून दाखविण्याचे काम त्यांस द्यावे. विज्ञान, खेळ, यंत्रे, रहस्यकथा, जे मागतील ते आणावे. पसंत न पडलेले पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभाही असावी. शिक्षक असता आम्ही ती कधी दिली नाही.

वेळेचा विचार ऋतू पाहून करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा दुपारी दोनला मुलांस बोलावणे म्हणजे त्यांस आजारी पाडणे. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, एरवी शाळेनंतर. तान्हा पोळा हा तर नागपूरच्या मुलांचा स्वतःचा सण. लाकडी बैल घेऊन मुले दारोदार फिरतातच, त्या दिवशी मंडळाच्या दारी बोजाऱ्याच्या पैशांबरोबर एकेक पुस्तकही द्यावे. आठवड्यातून एकदा कोणा आजीने गोष्ट सांगावी. आपल्या भगिनीमंडळात अशा आजी आहेत की ज्यांच्यापुढे आमचे छप्पन्न धडे फिके पडावे.

पुस्तके हरवतील, फाटतील. वर्षाच्या खरेदीपैकी दहावा हिस्सा त्या खाती आधीच मांडून ठेवावा आणि कोणाही मुलाकडून भरपाई घेऊ नये.

एक नाजूक गोष्ट राहिली. ही खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी असावी काय? सभासदांची वर्गणी, तेव्हा लाभ सभासदांस, हे म्हणणे आम्ही ऐकले आहे. परंतु १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाच्या मागचा हेतू सर्वांस खुले वाचनालय हाच आहे, आणि तो कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहार पाहा. आपला मुलगा खेळतो गल्लीतील मुलांबरोबर. दारापर्यंत चौघे येतील आणि तिघांस बाहेर उभे करून एकास आत घ्यावयाचे, तर तो एकही येणार नाही. आडनाव न विचारता पुस्तक द्यावे, अशी उपसूचना आम्ही ठरावास मांडीत आहोत. शासकीय अनुदानाची वाट पाहून आरंभ लांबवू नये. सतरंजी घरात आहे, आणि पहिल्या खरेदीसाठी आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आजच कोषाध्यक्षांकडे दिले आहे.

ठराव संमत झाल्यास दर बुधवारी आम्ही स्वतः तेथे बसू. मात्र कपाटांची दारे सुतार काढीपर्यंत किल्ली दुसऱ्या कोणापाशी ठेवावी, आमच्याकडे देऊ नये, एवढी विनंती आहे.